कठीण काळात हिब्रू संदेष्टे कसे वाचावेत : नव्या वाचकासाठी वाट

आजारपण, नोकरी जाणे, घरातला मृत्यू, किंवा पेपर उघडला की येणारी हताशा अशा वेळी कुणीतरी बायबलमधला यशया किंवा यिर्मया वाचायला सांगते. माणूस उत्साहाने पहिल्या अध्यायापासून सुरुवात करतो. पहिल्या पाच-सात पानांत शाप, युद्ध, जळणारी शहरे आणि अनोळखी राजांची नावे भेटतात, आणि पुस्तक मिटले जाते. दोष वाचकाचा नाही. हे ग्रंथ पहिल्या पानापासून सरळ वाचत जाण्यासाठी रचलेलेच नाहीत.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, ज्यांनी बायबल कधीच हातात घेतलेले नाही. दुसरे, ज्यांच्या घरी ते आहे पण संदेष्ट्यांचा भाग कोराच राहिला आहे. तिसरे, ज्यांचा देवावर विश्वास आहे की नाही हे त्यांचे त्यांनाच ठाऊक नाही. तिघांनाही वाट तीच.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाका. संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा ज्योतिषी नव्हे. राजाला, पुरोहिताला आणि बाजारातल्या व्यापाऱ्याला तोंडावर खरे सांगणारा, आणि सगळे कोसळल्यावर त्याच लोकांच्या शेजारी बसणारा, तो संदेष्टा. 'सगळे लवकरच ठीक होईल' असे सांगणारेही त्या काळी होतेच. या ग्रंथांत त्यांना खोटे संदेष्टे म्हटले आहे. हे ध्यानात ठेवले, तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

आधी चार सनावळ्या

फार इतिहास नको, पण चार तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने उत्तरेचे इस्राएल राज्य बुडवले, राजधानी शोमरोन पडली. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजा नबुखद्रेस्सराने दक्षिणेच्या यहूदा राज्याची राजधानी यरुशलेम इथून राजा, कारागीर आणि प्रतिष्ठित लोक कैद करून नेले. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम आणि तिथले मंदिर जळाले. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेशाने बाबेल जिंकले आणि परतीची वाट मोकळी झाली.

आमोस, होशेय, मीखा आणि यशयाचा पहिला भाग अश्शूरच्या सावलीतला. यिर्मया, हबक्कूक आणि यहेज्केल बाबेलच्या तडाख्यातले. यशयाचा ४० व्या अध्यायापासूनचा भाग बहुतेक अभ्यासक हद्दपारीच्या शेवटाकडे आणि त्यानंतर रचलेला मानतात. हाग्गय आणि जखऱ्या परतल्यानंतरचे. सुरुवातीला एवढे पुरे.

हे केवळ धर्मकथेतले जग नाही, हेही लक्षात असू द्या. बाबेलच्या उत्खननात यहूदाचा कैदी राजा यहोयाखीन आणि त्याची मुले यांना किती तेल द्यायचे, याची नोंद असलेल्या मातीच्या पाट्या मिळाल्या आहेत. यरुशलेमेच्या नैर्ऋत्येला लाखीश इथे खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडली. त्यांतल्या एकात लिहिणारा कळवतो की आम्ही लाखीशच्या इशाऱ्यांच्या आगीकडे डोळे लावून आहोत, अजेका दिसत नाही. यिर्मयाच्या ३४ व्या अध्यायात शेवटपर्यंत टिकून राहिलेली तटबंदीची गावे म्हणून याच दोघांची नावे आहेत.

कोणते पुस्तक घ्यावे

मराठीत बायबल सोसायटीचे 'पवित्र शास्त्र' सहज मिळते. भाषा जुन्या वळणाची आहे, पण काव्याला ती शोभते. अडखळायला होत असेल तर सोप्या मराठीतला अनुवाद घ्या, लाज बाळगू नका. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतरही आहे. नव्या वाचकाला ते जड जाईल, पण पुढे कधीतरी एखादा अध्याय शेजारी ठेवून पाहावा असे आहे.

यहुदी आणि ख्रिस्ती प्रतींमध्ये पुस्तकांचा क्रम वेगळा असतो. यहुदी परंपरेत यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे हीसुद्धा संदेष्ट्यांचीच पुस्तके, आणि दानीएल मात्र त्या गटात नाही. म्हणून आपली सुरुवात 'राजे' या पुस्तकातून झाली तर दचकू नका.

पहिला मुक्काम : एलीया, झुडपाखाली

१ राजे, अध्याय १९ काढा. आदल्याच अध्यायात एलीयाने कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवला आहे. इथे राणी ईजबेलची एक धमकी येते आणि तो पळत सुटतो. नोकराला बैर-शेबात सोडतो, एकटाच दिवसभराची वाट चालून रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो.

पुढे काय होते ते सावकाश वाचा. त्याला कुणी उपदेश करत नाही, 'धीर धर' असेही म्हणत नाही. तो झोपतो. देवदूत त्याला हलवून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे समोर असते. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा उठवल्यावर एवढेच सांगितले जाते की खा, पुढची वाट तुला झेपण्यासारखी नाही.

मग चाळीस दिवसांची चाल, होरेब डोंगर, वारा, भूकंप, आग आणि त्यानंतरचा अगदी हलका आवाज. हा प्रसंग प्रसिद्ध आहे, पण बहुतेक प्रवचनांत एक बारकावा सुटतो. त्या आवाजाच्या आधी एलीया जी तक्रार करतो, तीच तक्रार तो आवाजानंतरही शब्द न बदलता करतो : मी एकटाच उरलोय. एवढा मोठा अनुभव येऊनही मन तिथल्या तिथेच. उत्तर म्हणून त्याला काम मिळते, अलीशा नावाचा सोबती मिळतो, आणि तू एकटा नाहीस, अजून सात हजार आहेत, ही माहिती मिळते.

म्हणून इथे पहिला दंडक : खचलेल्या अवस्थेत वाचायला बसण्याआधी जेवा आणि झोपा. आणि एलीयासारखे मरणाचे विचार मनात येत असतील, तर पुस्तक बाजूला ठेवून आधी जवळच्या माणसाशी बोला, किंवा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. या अध्यायातही आधी अन्न आणि झोप येते, बोलणे नंतर.

एलीया आपल्याकडे परका नाही. कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजात तो 'एलियाहू हनाबी' म्हणून घरचाच आहे. नवस फेडताना, लग्नकार्यात, नव्या घरात पाऊल ठेवताना गोड पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करून त्याचे नाव घेतले जाते. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा खडकावर उमटल्या आहेत अशी या समाजाची श्रद्धा आहे आणि लोक तिथे दर्शनाला जातात. रानात मरण मागणाऱ्या माणसाचे नाव मंगलकार्यात घेतले जाते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

दुसरा मुक्काम : तक्रार करायला शिका

विठोबाशी भांडणारे संत आपल्याला ठाऊक आहेत, त्यामुळे हा भाग मराठी वाचकाला जड जाऊ नये. तीन उतारे घ्या.

हबक्कूक अवघे तीन अध्यायांचे पुस्तक आहे, अर्ध्या तासात संपते. सुरुवातच 'किती काळ?' या प्रश्नाने होते. त्यावर मिळणारे उत्तर भयंकर आहे : बाबेलचे सैन्य येत आहे. म्हणजे दुखण्यापेक्षा औषध वाईट. हबक्कूक गप्प बसत नाही, पुन्हा विचारतो, आणि सांगतो की आता मी पहाऱ्यावर उभा राहून उत्तराची वाट पाहणार. शेवटच्या अध्यायात अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्ष नाही, जैतून फसले, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत, अशी एकेक यादी येते. 'तरीही मी आनंद करीन' हे वाक्य त्या यादीनंतर येते. पीक पुन्हा आले असे कुठेही म्हटलेले नाही. कोरडवाहू शेतीतल्या माणसाने हे एकदा मोठ्याने वाचून पाहावे.

विलापगीत यहुदी क्रमाप्रमाणे संदेष्ट्यांत मोडत नाही, पण परंपरा ते यिर्मयाचे मानते, म्हणून इथे घेतो. यरुशलेम जळाल्यानंतरची ही पाच शोकगीते आहेत. पहिली चार हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने बांधलेली आहेत. दुःख बेबंद आहे, म्हणून त्याला अक्षरांचा बांध घातला आहे. तिसऱ्या गीतात, म्हणजे बरोबर मधोमध, दया रोज सकाळी नवी होते हा आशेचा उतारा येतो. तिथेच पुस्तक मिटण्याचा मोह होईल, मिटू नका. पुढे रडणे पुन्हा सुरू होते आणि शेवटची ओळ अगदी निराशेची आहे. यहुदी सभास्थानात (प्रार्थनागृहात) हे वाचताना शेवटच्या ओळीवर थांबत नाहीत, तिच्या आधीची ओळ पुन्हा म्हणतात. एकदा आशा वाटली आणि दुसऱ्या दिवशी ती नाहीशी झाली, तर आपले काहीतरी चुकले असे समजू नये, हे या रचनेतून मी घेतो.

तिसरा उतारा यिर्मया, अध्याय २०. तो आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. एवढेच सांगून पुढे जातो. वाचताना अंगावर येईल.

तिसरा मुक्काम : आशा पारखून घ्या

यिर्मया २८ आणि २९ लागोपाठ वाचा, वेगवेगळे नको. २९ व्या अध्यायातले अकरावे वचन, देवाच्या मनात तुमच्या हिताचे विचार आहेत हे सांगणारे, ख्रिस्ती घरांत भिंतीवर किंवा कॅलेंडरवर हमखास दिसते. वचन सुंदर आहे, पण ते ज्या पत्रात आहे ते पत्र अख्खे वाचले की त्याची चव बदलते.

२८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर जाहीर करतो : दोन वर्षांत सगळे परत येतील. गुलामीची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेले लाकडी जू तो मोडून टाकतो. यिर्मयाचे उत्तर पाहा. 'आमेन, तसेच होवो' असे तो म्हणतो. त्यालाही तेच हवे आहे. फक्त ते खरे नाही, हे त्याला माहीत आहे.

मग तो बाबेलला नेलेल्या लोकांना पत्र लिहितो. घरे बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळे खा. मुलांची लग्ने करा. ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याचे भले पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. आणि मुदत सत्तर वर्षे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना गाव पुन्हा दिसणार नव्हते. अकरावे वचन या सत्तर वर्षांच्या हिशोबानंतर लगेच येते.

लोकांनी खरोखर तसे केले असावे. बाबेलोनियातून मिळालेल्या मातीच्या पाट्यांवर 'आल-याहूदू', म्हणजे यहूदाचे गाव, अशा वस्तीची नोंद आहे. तिथले यहुदी शेती करतात, कर भरतात, देणी-घेणी करतात.

स्वतःपुरते करायचे ते असे. वहीच्या एका पानावर, सध्या तुम्हाला धीर देणारी जी वाक्ये कानावर येतात ती लिहा : नातेवाइकांची, व्हॉट्सअ‍ॅपवरची, डॉक्टरांची, स्वतःचीही. प्रत्येकासमोर लिहा, हे हनन्याचे की यिर्मयाचे? म्हणजे मुदत खोटी आहे का, आणि ते वाक्य आज काही करायला सांगते का. दोन वर्षांची खोटी मुदत माणसाला बांधलेली गाठोडी सोडू देत नाही. मुंबई-पुण्यात किंवा परदेशात 'तात्पुरते' म्हणून आलेल्या आणि वर्षानुवर्षे सामान न सोडलेल्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको.

चौथा मुक्काम : शेताचे खरेदीखत

एकच अध्याय वाचायला वेळ असेल तर यिर्मया ३२ वाचा. माझ्या मते संपूर्ण संदेष्टे-वाङ्मयातला हा सगळ्यात धीट अध्याय आहे, आणि तो एका जमीन व्यवहाराचा आहे.

शहराला वेढा पडलेला. यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, कारण शहर पडणार असे त्याने सांगितले. अशा वेळी चुलतभाऊ हनमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचे माझे शेत विकत घे, सोडवण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमेपासून जेमतेम पाच किलोमीटरवर, म्हणजे बहुधा शत्रूच्या छावणीतच. या भावात ती जमीन कोण घेणार?

यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तागडीत तोलून देतो. खत लिहून होते, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी. दोन्ही प्रती बारूख या लेखनिकाच्या हाती देऊन मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. कारण एकच : या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

सातबारा आणि फेरफारात आयुष्य घालवलेल्या आपल्या वाचकाला या तपशिलांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. आशेबद्दल यिर्मया इथे भाषण करत नाही, रीतसर कागद करतो. आणि कागद झाल्यानंतर त्याला शंका येते! पुढची प्रार्थना वाचा. शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती जात आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, असे तो देवाला विचारतो. कृती आधी झाली, धीर नंतर गोळा करावा लागला.

इथे तुमचे काम : ज्याचे फळ तुम्हाला लगेच दिसणार नाही, असे एक छोटे, ठोस काम निवडा. आजारी आईच्या पाककृती लिहून ठेवणे, मोडलेल्या संस्थेचे हिशोब नीट लावून ठेवणे, भांडलेल्या भावाला पत्र लिहिणे. त्याची तारीख घाला. कुणाला तरी साक्षीदार करा.

धैर्य कुणाचे?

धैर्य म्हटले की आमोस आठवतो. तकोवाचा मेंढपाळ, उंबरासारख्या रानफळांची राखण करणारा, उत्तरेला बेथेलच्या राजमंदिरात जाऊन श्रीमंतांना सुनावणारा. पुरोहित अमस्या त्याला सांगतो, तुझ्या गावी जा आणि तिकडे पोट भर. न्याय पाण्यासारखा वाहू द्या, हे त्याचे वचन मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणात घेतले होते. आमोसचा पाचवा अध्याय नक्की वाचा.

पण मला नव्या वाचकाला दुय्यम माणसांकडे वळवावेसे वाटते. यिर्मया ३६ मध्ये राजा यहोयाकीम शेगडीशेजारी बसून यिर्मयाची गुंडाळी ऐकतो. तीन-चार रकाने वाचून झाले की लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापून आगीत टाकतो. सगळी गुंडाळी जळते. यिर्मया आणि बारूख दुसरी गुंडाळी घेतात आणि पुन्हा लिहायला बसतात, आधीपेक्षा जास्त लिहितात.

३८ व्या अध्यायात यिर्मयाला चिखलाच्या हौदात टाकतात. त्याला वाचवतो एबद-मलेख, राजवाड्यातला एक कूशी, म्हणजे आफ्रिकन सेवक. तो राजाला विचारतो, माणसे घेतो, आणि दोर सोडण्याआधी जुन्या चिंध्या खाली टाकून सांगतो : या काखेत धर, दोर काचणार नाही. आणीबाणीत एवढे सुचणे हेही धैर्यच.

कुणाची शुश्रूषा करताना तुम्ही स्वतः दमला असाल, तर यिर्मया ४५ वाचा. पाचच वचने आहेत आणि ती थकलेल्या बारूखसाठी आहेत. मोठ्या गोष्टींची अपेक्षा करू नको, पण जाशील तिथे तुझा जीव तुला मिळेल. सांत्वन म्हणून ते रुक्ष आहे. काही दिवशी तेच पुरते.

आता यशया

यशया ४० इथपर्यंत राखून ठेवला, कारण 'सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा' ही ओळ विलापगीत वाचलेल्या कानांनाच नीट ऐकू येते. यहुदी पंचांगातही क्रम असाच आहे. तिशा बाव या शोकदिनी विलापगीत वाचतात. तो दिवस जुलै-ऑगस्टमध्ये, आपल्या आषाढ-श्रावणाच्या आसपास येतो. त्यानंतरचे सात शब्बाथ, म्हणजे शनिवार, सांत्वनाचे उतारे वाचले जातात, सगळे यशयाच्या ४० ते ६३ या अध्यायांतले. तुम्हीही आठवड्याला एकच घ्या : ४०; ४९ चा उत्तरार्ध ते ५१ ची सुरुवात; ५४ चा उत्तरार्ध ते ५५ ची सुरुवात; ५१ चा उत्तरार्ध ते ५२; ५४ ची सुरुवात; ६०; ६१ च्या शेवटापासून ६३. क्रम उलटसुलट वाटेल, तसाच आहे. मोठ्याने वाचा, कारण हे मुळात ऐकण्याचे काव्य आहे.

यहेज्केल ३७, वाळलेल्या हाडांचे खोरे, याच काळात जोडीला घ्या. 'आमची हाडे वाळली, आमची आशा गेली' हे तिथे लोकांचे स्वतःचे वाक्य आहे. ते खोडून काढले जात नाही, त्याच वाक्याचे दृश्य बनते. हाडांवर आधी मांस आणि कातडी येते, पण श्वास येत नाही. श्वास दुसऱ्या टप्प्यात येतो.

काय तूर्त टाळावे

होशेयचे पहिले तीन अध्याय, यहेज्केल १६ आणि २३ यांत राष्ट्राला व्यभिचारी बायकोची उपमा देऊन फार हिंसक भाषा येते. छळ सोसलेल्या स्त्रीने हे एकटीने, दुःखाच्या काळात वाचू नये असे माझे स्पष्ट मत आहे. यहेज्केल २४ ही तसाच, त्यात त्याची बायको मरते आणि त्याला शोक करू दिला जात नाही.

'हे संकट तुझ्या पापाची शिक्षा' असे कुणी या ग्रंथांचा आधार घेऊन सांगितले, तर ऐकून घेऊ नका. संदेष्ट्यांचा दोषारोप राजांवर, न्यायाधीशांवर, खोटे माप वापरणाऱ्या व्यापाऱ्यांवर, जोडाभर चपलांसाठी गरिबाला विकणाऱ्यांवर आहे. तुमच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर नाही. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण यहेज्केल १८ व्या अध्यायात मोडीत काढतो, तो अध्याय अशा नातेवाइकांसाठी जवळ ठेवावा.

शेवटी हाग्गय

दोनच अध्याय, आणि त्यांत तारखासुद्धा आहेत. साल इ.स.पू. ५२०. लोक परत आले आहेत, पण मंदिराचे काम रखडले आहे, पीक कमी आहे, मजुरी भोक पडलेल्या पिशवीत टाकल्यासारखी संपते. बांधकाम सुरू झाल्यावर जुने मंदिर पाहिलेल्यांना नवे अगदीच किरकोळ दिसते. हाग्गय ते नाकारत नाही. हे तुम्हाला काहीच नाही असे वाटते ना, असे तोच विचारतो, आणि बळ धरा, काम करा, एवढेच सांगतो. इ.स.पू. ५१५ च्या सुमारास ते बांधून झाले.

संकटातून बाहेर आल्यावर सगळे पूर्वीसारखे का वाटत नाही, असे विचारणाऱ्याने हे पुस्तक एका बैठकीत वाचावे, आणि लगोलग एज्राचा तिसरा अध्याय. त्यानंतर यशया पहिल्या अध्यायापासून घ्यायला हरकत नाही. नहूम आणि योना मात्र जोडीनेच वाचा, कारण एक निनवे या अश्शूरच्या राजधानीच्या नाशाचा आनंद करतो आणि दुसरा निनवे वाचल्याबद्दल रुसून बसतो.